५० मिमी एफ/१.८ लेन्स आणि एंट्री-लेव्हल डीएसएलआर : फोकस मागे जातो, दोष जुळणीचा की पद्धतीचा?

माझ्याकडे एपीएस-सी (३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान) सेन्सरचा एंट्री-लेव्हल डीएसएलआर असून आतापर्यंत त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमी किट लेन्सच वापरत होतो. घरातल्या मंद प्रकाशात, फ्लॅश न लावता माणसांचे चेहरे टिपता यावेत, म्हणून नुकतीच ५० मिमी एफ/१.८ प्राइम (झूम नसलेली) लेन्स घेतली; एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते. प्रकाशाची अडचण तिने दूर केली, पण एफ/१.८ वर डोळ्यावर धरलेला फोकस बऱ्याचदा कानावर किंवा केसांवर गेलेला दिसतो. लेन्स आणि बॉडी यांच्या जुळणीत दोष आहे, की इतक्या उथळ डेप्थ ऑफ फील्डमध्ये (स्पष्ट दिसणाऱ्या अंतराच्या पट्ट्यात) हे व्हायचेच, याचा निर्णय मला करता येत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

किट लेन्स ५५ मिमीला एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. त्या तुलनेत एफ/१.८ वर सव्वातीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश), म्हणजे जवळजवळ दहापट प्रकाश मिळतो. त्यामुळे ज्या खोलीत आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ६४०० आणि १/३० सेकंद ठेवावे लागत होते, तिथे आता आयएसओ १६०० वर १/८० च्या आसपास शटर स्पीड मिळतो. एवढे मिळाल्यावर चेहऱ्यावरचा नैसर्गिक प्रकाश जसाच्या तसा येतो, आणि मला या लेन्सकडून नेमके तेच हवे आहे.

चेहरा दीड मीटरवर असेल, तर या लेन्सची डेप्थ ऑफ फील्ड एफ/१.८ वर साधारण साडेसहा सेंटिमीटर भरते, आणि एक मीटरवर ती तीन सेंटिमीटरच्याही आत येते. समोरच्याने फोकस लागल्यावर बोलता बोलता मान किंचित पुढे केली, तरी डोळे त्या पट्ट्याबाहेर जातात, हे मला मान्य आहे. हात हलल्याचा संशय मात्र मी बाजूला ठेवला आहे, कारण बिघडलेल्या प्रत्येक छायाचित्रात कुठला ना कुठला भाग, बहुधा कान किंवा कॉलर, अगदी काटेकोर स्पष्ट आहे. शिवाय पापण्यांच्या कडांना जांभळट झाक दिसते आणि मागच्या केसांना हिरवट. फोकसच्या पुढे जांभळट आणि मागे हिरवट ही अशा लेन्सची नेहमीची खूण असल्यामुळे फोकस मागे गेला आहे, याबद्दल मला शंका उरलेली नाही.

माणूस हलतो, म्हणून मग स्थिर वस्तूवर चाचणी घेतली. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवला, छापील कागद तिरका लावला, फक्त मधला फोकस पॉइंट निवडला आणि प्रत्येक वेळी फोकस आधी मुद्दाम बिघडवून पुन्हा लावू दिला. लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्यामागच्या स्क्रीनवर पाहून) घेतलेली छायाचित्रे ठरवलेल्या ओळीवर बरोबर बसली. व्ह्यूफाइंडरमधून घेतलेल्यांपैकी बहुतेकांत फोकस त्या ओळीच्या मागे गेला, आणि माझी खरी अडचण अशी की तो प्रत्येक वेळी सारखाच मागे जात नाही. खिडकीतल्या उजेडात फरक थोडा असतो, पिवळ्या दिव्याखाली तो स्पष्ट वाढतो.

लाइव्ह व्ह्यू प्रत्यक्ष सेन्सरवरच्या प्रतिमेवरून फोकस ठरवतो, तर व्ह्यूफाइंडरमधून पाहताना आरशाखालचा वेगळा फोकस सेन्सर ते काम करतो. त्या दोन वाटांच्या अंतरात सूक्ष्म फरक पडला, तर व्ह्यूफाइंडरचा फोकस ठरावीक दिशेने सरकतो, एवढे मला समजते. तसा दोष असेल तर तो प्रकाशाच्या रंगानुसार कमी-जास्त होतो का? वरच्या श्रेणीच्या बॉडीमध्ये प्रत्येक लेन्ससाठी फोकसची सूक्ष्म दुरुस्ती मेनूतून करता येते. माझ्या बॉडीत ती सोय नाही.

दुसरा संशय माझ्या सवयीवर आहे. मधला पॉइंट या वर्गातल्या बॉडीत सर्वांत भरवशाचा असल्यामुळे मी त्यावर डोळा धरतो, बटण अर्धे दाबून ठेवतो आणि मग चौकट बदलतो. दीड मीटरवर कॅमेरा दहा अंश वळवला, तर फोकसचे प्रतल डोळ्यांच्या सव्वादोन सेंटिमीटर मागे जाते. चार-पाच अंशांत हा फरक अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपासच राहतो. म्हणजे ही सवय थोडी भर घालत असेल, पण ट्रायपॉडवरच्या चाचणीत चौकट बदललीच नव्हती, तेव्हा सगळा दोष तिच्यावर टाकता येत नाही. कडेचे पॉइंट वापरून पाहिले, तर मंद प्रकाशात लेन्स पुढे-मागे फिरत राहते आणि तो क्षण निघून जातो. हाताने फोकस करण्याचाही प्रयत्न केला. पण व्ह्यूफाइंडरचा पडदा एफ/१.८ ची उथळता पूर्णपणे दाखवत नाही, त्यामुळे डोळ्याला स्पष्ट वाटलेली गोष्ट छायाचित्रात तशी उतरत नाही.

‘एफ/२.८ वर वापरा’ हा सल्ला मला ठाऊक आहे आणि उजेड पुरेसा असला की मी तो पाळतोही. परंतु तिथे सव्वा स्टॉपहून अधिक प्रकाश जातो, आणि संध्याकाळच्या खोलीत तो मला परवडत नाही.

तेव्हा विचारायचे आहे ते असे. पिवळ्या दिव्याखाली वाढणारा हा फरक तुमच्या अनुभवात जुळणीच्या दोषाचा पुरावा ठरतो, की फोकस सेन्सरची ती स्वाभाविक मर्यादा आहे? सर्व्हिस सेंटरला द्यायचे झाल्यास फक्त लेन्स द्यावी की बॉडीही सोबत द्यावी, आणि बॉडीत दुरुस्ती केली तर आज व्यवस्थित चालणाऱ्या किट लेन्सचा फोकस बिघडण्याची शक्यता आहे का? आणि ज्यांनी अशाच बॉडीवर बोलत्या, हसत्या माणसांची छायाचित्रे एफ/१.८ वर घेतली आहेत, त्यांनी लाइव्ह व्ह्यूमधल्या फोकसचा संथपणा कसा सांभाळला, हेही वाचायला आवडेल. चाचणीची मूळ छायाचित्रे हवी असल्यास सांगावे. दोन्ही प्रकाशांतली वेगवेगळी ठेवली आहेत.