'रजिस्ट्रेशन' म्हणजे नोंदणी? (मिश्र वास्तव आणि दातांचे काम)

भाषांतरकार: इम्प्लांट बसवताना डॉक्टरांनी घालायच्या मिश्र वास्तवाच्या (खऱ्या दृश्यावर संगणकाचे चित्र दाखवणाऱ्या) चष्म्याची माहितीपुस्तिका मराठीत करायची आहे. 'रजिस्ट्रेशन' पानोपानी येते. 'नोंदणी' चालेल का? आणि 'ॲक्युरसी' व 'प्रिसिजन' दोन्हींना 'अचूकता' लिहिले तर काय बिघडेल?

दंतवैद्य: 'नोंदणी' अजिबात नको. वाचणारा साहाय्यक पेशंटचे नाव-वय भरून मोकळा होईल. इथे सीबीसीटीतला (त्रिमितीय एक्स-रे स्कॅनमधला) जबडा आणि खुर्चीतल्या पेशंटचा जबडा एकमेकांवर तंतोतंत बसवायचा असतो. म्हणून 'जुळणी'. क्रियापदेही आपसूक येतात: जुळणी करा, तपासा, जुळणी बिघडली. तपासताना प्रोबचे (तपासणीच्या सळईचे) टोक दाढेच्या उंचवट्यावर टेकवायचे. चष्म्यातल्या चित्रातही ते तिथेच टेकलेले दिसले पाहिजे. पटाशीच्या दातावर तपासून भागत नाही, जिथे भोक पाडायचे त्याच्या शेजारच्या दातावर तपासावे. पुढे एका अंशाचा तिरकेपणा राहिला तर 50 मिमी मागे जवळजवळ 0.9 मिमीची चूक होते. खालच्या जबड्यातल्या नसेपासून 2 मिमी अंतर राखायचे असते, त्यातले निम्मे इथेच संपते.

'ॲक्युरसी' आणि 'प्रिसिजन' या दुसऱ्या जोडीला दोन वेगळे शब्द हवेतच. सगळी भोके एकाच बाजूला 1.5 मिमी सरकली, तर काम नेमके आहे पण अचूक नाही.

भाषांतरकार: पण 'नेमके' आणि 'अचूक' यांत बोलताना कोण फरक करतो?

दंतवैद्य: खरे आहे. मग 'प्रिसिजन'ला 'एकसारखेपणा' लिहा. फरक पुसू नका, कारण उपाय वेगळे आहेत. चूक दर वेळी एकाच बाजूला असेल तर जुळणी पुन्हा करा आणि बरचे (ड्रिलला लावायच्या भोक पाडणाऱ्या अवजाराचे) टोक पुन्हा मोजून घ्या. बर बदलली की लांबी बदलते, आणि हे मोजणे हमखास राहून जाते. चूक दर वेळी वेगळ्या दिशेला असेल तर दातांवरची ट्रॅकरची (जबड्याची जागा टिपणाऱ्या साधनाची) क्लिप हलते आहे का ते आधी पाहा.

दृश्यरचनाकार: 'ओव्हरले'साठी (दातावर दिसणाऱ्या चष्म्यातल्या चित्रासाठी) 'आच्छादन' लिहू नका, ही विनंती. आच्छादन झाकते, आणि इथे दात झाकणे हाच सर्वांत मोठा दोष. भरीव हिरवा दंडगोल दाखवला की बरचे टोक त्याच्यामागे हरवते. बारीक अक्षरेषा (भोकाच्या मध्यातून जाणारी रेघ), भोवती पोकळ कडे, खोलीचा आकडा बाजूला, एवढे पुरे. मी 'मार्गखूण' म्हणतो. होलोलेन्स 2 या अशाच चष्म्यामधले चित्र डोळ्याला सुमारे 2 मीटरवर फोकस होते, दात मात्र 40 सेंमीवर असतो. दोन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत, म्हणून दातावर बारीक मजकूर ठेवू नये.

'लॅटन्सी' आणि 'ड्रिफ्ट'ही वेगळे ठेवा: चित्र 'मागे पडते' आणि चित्र 'सरकते'. हात सेकंदाला 20 मिमी वेगाने फिरला आणि चित्र 100 मिलिसेकंद उशिरा आले, तर ते 2 मिमी मागे दिसते, पण हात थांबताच जागेवर येते. थांबूनही आले नाही तर ते सरकले आहे. ड्रिल थांबवून जुळणी तपासावी.

भाषांतरकार: मग 'फिड्यूशियल'चे, म्हणजे जुळणीसाठी स्कॅनमध्ये आणि तोंडात दोन्हीकडे सापडणाऱ्या खुणेचे, काय? त्यालाही खूणच म्हणतात, मार्गखुणेशी घोळ होईल.

दंतवैद्य: 'संदर्भखूण' करा, आणि त्याच वाक्यात लिहा: किमान तीन, एका रेषेत नसलेल्या. शक्यतो जबड्याच्या दोन्ही बाजूंना, आणि धातूच्या कॅपपासून दूर, कारण धातूच्या रेघोट्यांमुळे सीबीसीटीत खूण फिसकटलेली दिसते.