स्टेन्ड ग्लासचं काम पूर्णवेळ करावं का?

प्रश्न: छंद म्हणून स्टेन्ड ग्लासचे, म्हणजे रंगीत काचेचे तुकडे कडांना तांब्याची पातळ पट्टी (कॉपर फॉइल) लावून जोडलेले, लॅम्पशेड करते, आता नोकरी सोडून हेच करावं म्हणतेय. दिवसभर नेमकं काय काम असतं? आणि या कामातल्या शिशाच्या विषबाधेची भीती खरी आहे का?

उत्तर १: काच कापणं त्यातला छोटा भाग हो. मापं घ्या, पूर्ण आकाराचं ड्रॉइंग काढा, शिशाच्या पट्ट्यांत तुकडे बसवा, सांधे सोल्डरने (वितळवलेल्या मिश्रधातूने) जोडा, मग पुट्टी भरून घासत बसा, खांदे पार कामातून जातात. जुन्या खिडक्यांची दुरुस्ती शिकून घ्या, एकट्या लॅम्पशेडवर घर चालवणं अवघड.

उत्तर २: भीती खरी पण चुकीच्या जागी. 60/40 सोल्डर (60 टक्के कथील, 40 टक्के शिसं) 190 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, सोल्डरिंग आयर्नचं टोक त्याहून बरंच गरम असलं तरी तेवढ्यावर शिशाची वाफ नगण्य, धूर दिसतो तो फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात त्या रसायनाचा (तोही छातीत नकोच, एक्झॉस्ट लावा). धोका हातांवाटे तोंडात जाणाऱ्या शिशाचा आणि जुन्या शिशावरच्या पांढऱ्या भुकटीचा. ती कोरडी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. टेबलावर खाणंपिणं बंद, आणि रक्तातलं शिसं अधूनमधून तपासा.

प्रश्नकर्ती: घरात लहान मूल आहे, मग?

उत्तर २: मग घरात नकोच, वेगळी खोली आणि वेगळे कपडे.