मदत हवी आहे : आठवीतली लेक, कानातलं मशीन आणि कन्नडचा तास

नमस्कार. आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या, म्हणजे कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातले. लेक यंदा आठवीत गेली, म्हणजे गावातली सातवीपर्यंतची मराठी शाळा सुटली आणि बसने हायस्कूल सुरू झालं. दोन्ही कानांना ६५ डेसिबलची कमतरता, दोन्हीकडे मशीन. युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे.

गावातल्या टीचर तिच्याकडे तोंड करून बोलायच्या, बाकी काही लागलं नाही. इथं तासागणिक सर बदलतात, निम्मे फळ्याशीच बोलतात. त्यात आमच्याकडचा पाऊस! पत्र्यावर धो-धो सुरू झाला की मशीन सरांच्या आवाजाबरोबर पत्र्याचाही वाढवतं. मग ती मशीन काढून दप्तरात टाकते आणि नुसते ओठ वाचते.

मराठीत ते जमतं, कारण निम्मं काम अंदाजाचं. पाळ, बाळ, माळ ओठांवर एकसारखेच दिसतात, पण पुढं 'झोपलंय' आलं की बाळच. कन्नडमध्ये तिला अंदाज करता येत नाही, घरात आम्ही कुणी बोलतच नाही. वाचते, लिहिते, अक्षर तर माझ्यापेक्षा देखणं. उक्तलेखनात (ऐकून लिहिण्यात) मात्र शून्य आणि तोंडी प्रश्नाला गप्प. दहावीला या विषयाचे २० गुण शाळेकडूनच जाणार, त्याची आत्तापासून धास्ती.

मुख्याध्यापकांनी आधी 'मूकबधिर शाळेत घाला' म्हणून सुचवलं. ती बोलते हो, भांडतेसुद्धा! ते कसंबसं टळलं. मग मी म्हटलं, कन्नडच्या तोंडीतून सूट द्या. सरांचा चेहराच बदलला. आमच्या भागात 'कन्नडमधून सूट' म्हणजे काय ऐकू येतं ते तुम्हाला सांगायला नको. मी कान घेऊन गेले होते, त्यांना वाटलं सीमाप्रश्न घेऊन आले. हे म्हणतात, आता गप्प बस.

कन्नड नको असं मुळीच नाही. इथंच राहायचंय, बसच्या पाटीपासून कचेरीपर्यंत तेच लागणार. सीमाभागात असा अर्ज कुणी दिलाय का? कुणाला द्यायचा, आणि कोणत्या शब्दांत?

— खानापूरची आई

निपाणीकर मास्तर (निवृत्त):
ताई, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा काढा. कलम १७ मध्ये जादा वेळ आणि लेखनिक आहेच, शिवाय दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूटही आहे. म्हणजे तुम्ही मागितलंत ते कायद्याहून कमीच. पण 'सूट' शब्द अर्जात नको. विषय असा घाला : 'श्रवणदोषामुळे मूल्यमापनाच्या पद्धतीत बदल'. उक्तलेखनाऐवजी चित्र पाहून लेखन, तोंडी प्रश्न कागदावर, उत्तरही कागदावर. एवढंच. सोबत ऑडिओग्राम (कान तपासणीचा आलेख) आणि कार्डाची झेरॉक्स. मुख्याध्यापकांना एक, बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला एक, दोन्हीकडे पोच घ्या. बीईओकडे समावेशक शिक्षणाच्या शिक्षकाची भेटही मागा.

आणि अर्ज कन्नडमध्ये द्या. मराठीत दिलात तर मजकुराआधी लिपीच वाचली जाईल. चाळीस वर्षं नोकरी केलीय, कडवट वाटेल पण खरं आहे.

शाळा बदला म्हणाले तर कलम ३१. अठरा वर्षांपर्यंत जवळची शाळा की विशेष शाळा, निवड तुमची.

चिकोडीहून :
माझा भाऊ मशीन लावतो. दप्तरात उघडं ठेवू देऊ नका, पावसाळ्यात ओल धरतं. झाकणाच्या डबीत सिलिका जेलची पुडी घालून त्यात ठेवा. मशीनची शिट्टी वाजत असेल तर बहुधा कानात बसणारा साचा लहान झालाय, वाढत्या वयात बदलावाच लागतो. आणि पहिला बाक नको, बाजूचा दुसरा बरा. मागचं पोर बोललं तर वळून त्याचं तोंड दिसतं.

खानापूरची आई :
शिट्टी वाजते की! मला वाटायचं बॅटरी संपली.

मास्तर, कन्नडमधून अर्ज द्यायचं सुचलंच नव्हतं. लेकीलाच लिहायला बसवते, तिचं अक्षर सर बघतील तरी. रविवारी मसुदा इथं टाकते, व्याकरण तेवढं बघाल?