सल्ला हवा: लांबून मारलेला चेंडू एकतर गोलीच्या कुशीत, नाहीतर आंब्यावर

उजवा_पाय:
नमस्कार मंडळी. वय ३१, मुक्काम पुणे. दर रविवारी सकाळी ऑफिसच्या टीमबरोबर मातीच्या मोठ्या मैदानावर फुटबॉल खेळतो, ११-११. गोलसमोरच्या डीच्या बाहेरून, म्हणजे २०-२२ मीटरवरून मारलं की दोनच गोष्टी होतात. जोर लावला तर चेंडू बारवरून कुंपणापलीकडच्या आंब्यावर. जपून मारला तर आमचा गोली (गोलकीपर) एका हाताने उचलतो, दुसऱ्या हाताने टोपी सावरतो. दोन महिन्यांनी कंपन्यांची स्पर्धा आहे. नवे बूट घेऊ, चांगला चेंडू घेऊ, की घोट्याला बांधायची वजनं? बजेट सगळं मिळून २००० रुपये. आहेत ते बूट दोन वर्षांचे, पण धड आहेत.

पेठेतला_पैलवान:
भावा, २००० मध्ये काय येतंय? मी गेल्या साली साडेनऊ हजाराचे कांगारूच्या कातड्याचे घेतले. पहिल्याच म्याचला अर्ध्या ग्राउंडातनं बार हलवला. गोल न्हाई झाला, पण बारचा आवाज स्टँडात ऐकू आला. एकदा शाहू स्टेडियमला येऊन बघ, लांबनं मारणं म्हंजे काय असतंय. अनिकेत जाधव आमच्या कोल्हापूरचा, २०१७ चा १७ वर्षांखालचा वर्ल्डकप खेळलाय. नाद खुळा!

ठाणे_व्हाया_सातारा:
बजेट वाचलंत का पैलवान? आणि अनिकेत जाधव बुटांमुळे तिथे पोचला का?

पेठेतला_पैलवान:
अनवाणी बी न्हाई पोचला.

फिजिओताई:
बूट, चेंडू राहू द्या. पहिला प्रश्न असा, की मारताना तुमचा टेकवलेला पाय कुठे पडतो? आंब्यावर जाणाऱ्या दहातल्या नऊ किकांमध्ये तो चेंडूच्या मागे पडलेला असतो. मग अंग मागे कलतं, बूट चेंडूखाली शिरतो आणि चेंडू वर. डावा पाय चेंडूच्या बाजूला वीतभर अंतरावर टेकवा, पंजा जिकडे मारायचंय तिकडे. छाती चेंडूवर. उजवा घोटा ताठ, पंजा खाली ओढलेला, लेसच्या गाठीखालचं हाड चेंडूच्या मध्यावर बसलं पाहिजे. मारून झाल्यावर पाय तिथेच थांबवू नका, शक्यतो त्याच पायावर पुढे उतरा.
आणि वजनं बांधून किक मारायची नाही. पायाच्या टोकाला वजन आणि वर झटका, म्हणजे गुडघा आणि जांघ दोन्हीवर ओढ. माझ्याकडे यंदा असे तिघे आलेत.

रात्रीचा_प्रवासी:
वाखु (वाचनखूण) साठवली आहे.

अटलांटाकर:
इथे मी मुलासाठी रिबाउंडर नेट घेतलं, १५० डॉलर. चेंडू आपोआप परत येतो. डोळे मिटून घ्या.

ठाणे_व्हाया_सातारा:
काका, त्यापेक्षा सोसायटीची भिंत स्वस्त पडते. तीही परत देते.

अटलांटाकर:
आमच्याकडे भिंती लाकडाच्या असतात हो.

कुमार_गंधार_नव्हे:
ताकद वगैरे सगळं ठीक, पण स्विंग शिका. ब्राझीलच्या रॉबर्टो कार्लोसने ९८ च्या वर्ल्डकपला फ्रान्सविरुद्ध मारलेली फ्री किक आठवा. डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेने मारून चेंडू खेळाडूंच्या भिंतीबाहेरून आत आणला.

आकडेमोड:
वर्ल्डकप नव्हे. ३ जून १९९७, लियॉन, तूर्न्वा द फ्रान्स ही स्पर्धा. अंतर साधारण ३५ मीटर, गोली बार्थेझ, सामना १-१. चेंडू फिरत असला की दोन बाजूंना हवेचा दाब सारखा राहत नाही, म्हणून तो वळतो. याला मॅग्नस परिणाम म्हणतात. पण धागाकर्त्याला अजून सरळ मारता येत नाहीये.

फ्रेंच_शिकतेय:
लियॉन नाही, लिओं.

आकडेमोड:
मग पॅरिसही पारी लिहा.

फ्रेंच_शिकतेय:
मी लिहितेच.

(इथून पुढचे चौदा प्रतिसाद उच्चारांवर आहेत, हलके घ्या.)

निवृत्त_गोली:
मी बावीस वर्षं गोलमध्ये काढली, म्हणून पलीकडच्या बाजूने सांगतो. छातीच्या उंचीवर आलेला तोफगोळा मला कधीच नको वाटला नाही, हात पुढे केला की काम झालं. घाम फुटायचा तो माझ्यापुढे दोन-तीन हातांवर टप्पा पडणाऱ्या खालच्या शॉटचा. मातीवर चेंडू कधी उसळेल, कधी सरपटेल, देव जाणे. तेव्हा लांबच्या खांबाकडे, खाली मारा. हातून निसटला तर तुमचा फॉरवर्ड टपलेला असतोच.
दुसरं, मारणारा शेवटच्या क्षणी मान वर करून माझ्याकडे बघायचा. तो आता आंबा गाठणार हे मला तिथेच कळायचं. जागा आधी बघून ठेवा, मग नजर चेंडूवर.

आकडेमोड:
चेंडूतली हवा मोजलीत का? ५ नंबरच्या चेंडूचं वजन ४१० ते ४५० ग्रॅम, दाब ८.५ ते १५.६ पीएसआय, असा नियम आहे. आमच्या ग्रुपमध्ये एक जण पंपाने दगड करून आणायचा आणि सगळे ‘बूट चावतात’ म्हणायचे. मी तीनशेला हवा मोजायचं गेज घेतलं, तेव्हापासून तक्रार बंद. माझ्या मते तुमची खरेदी एवढीच.

शाळेतले_सर:
एक फुकटचा उपाय. बुटाच्या लेसवर आणि टोकावर ओला खडू फासा, चेंडू कोरडा पुसून घ्या, मग मारा. ठसा चेंडूवर कुठे उमटतो ते उचलून बघा. मुलांना तोंडी सांगून पटत नाही, ठसा बघितला की गप्प होतात.

चहा_दोन:
वर कुणी सांगितलं नाही म्हणून सांगतो. टेकवायचा पाय चेंडूच्या बाजूला ठेवा.

फिजिओताई:
🙂

उजवा_पाय:
सगळ्यांचे आभार (उच्चारवाल्यांचेही). काल सरांचा खडू करून बघितला. पहिले पाच ठसे चेंडूच्या खालच्या अंगाला, तेही बोटांच्या टोकाचे, लेसचा पत्ताच नाही. लाज वाटली. मग ताईंनी सांगितलं तसं डावा पाय जिथे टेकवायचा तिथे मातीत रेघ ओढली आणि धाव निम्मी केली. तीस मारले, अकरा बारखालून गेले. आधी तीसात चार जायचे. जोर अजून यथातथाच. पण दोनदा टप्पा नेमका गोलीच्या पुढ्यात पडला आणि त्याची टोपी खाली पडली.
खरेदीचं म्हणाल तर घोट्याची वजनं घेतली. एक-एक किलोची जोडी, ९०० रुपये, सेल होता. ताई, बांधून किक मारणार नाही, शप्पथ. ऑफिसचा जिना चढतो फक्त.

फिजिओताई:
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

ठाणे_व्हाया_सातारा:
काढायच्या आधी मी वाचला होता, ताई. बरोबर लिहिलं होतं.

पेठेतला_पैलवान:
भावा, सेल अजून चालू हाय काय? लिंक दे.