मदत हवी आहे: मोलेची गर्दी टाळून जंगलात जायचंय

नमस्कार मंडळी, मी गोव्यातल्या फोंड्याची. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून नणंद मुलांना घेऊन येतेय आणि भाचरांनी दूधसागरचा हट्ट धरलाय. पावसाळा सरला की कुळ्याहून जीप सुरू होतात, पण सुट्टीतली तिथली रांग म्हणजे जत्राच. रुळांवरून चालत जायचं कृपया सुचवू नका, तो गुन्हा आहे आणि जिवाशी खेळही.

मला मुलांना जंगल दाखवायचंय. मोलेचं अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान मिळून सुमारे २४० चौ. किमी, आणि आपण सगळे लोटतो एकाच धबधब्यावर! तांबडी सुर्ल्याच्या देवळाजवळ ओढ्यापाशी मागे शेकरू दिसलं होतं, आणि त्याच झाडाच्या ढोलीत वेफर्सची रिकामी पाकिटं कोंबलेली. मार्च २०२३मध्ये म्हादई अभयारण्यात वणवे पेटले, तेव्हापासून उन्हाळ्यात जायला तर मनच घेत नाही.

तर, मोलेऐवजी नेत्रावळीचं अभयारण्य बरं की खोतीगावचं? खोतीगावचं झाडावरचं मचाण सध्या चढण्याजोगं आहे का? वाटाड्या गावातलाच मिळाला तर उत्तम, चार पैसे तिथेच राहतील. सोबत सासूबाई आहेत, गुडघे दुखतात, त्यामुळे चढ कमी हवा. अलीकडे जाऊन आलेल्यांनीच सांगा.