४,२९,४९,६७,२९७ चा ६४१ हा अवयव हाताने कसा सापडला?

प्रश्न
दोनचा ३२ वा घात अधिक एक, म्हणजेच ४,२९,४९,६७,२९७, ही संख्या मूळ असावी असे फ्रेंच गणिती फर्मा यांना वाटत होते, कारण याच साच्यातील (दोनचा १, २, ४, ८ व १६ वा घात अधिक एक) ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या मूळच आहेत. स्विस गणिती ऑयलर यांनी १७३२ मध्ये तिचे ६४१ × ६७,००,४१७ असे अवयव दाखवले. वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्याच ६,५४२ भरतात. मग ऑयलर ६४१ पर्यंत कसे पोहोचले असतील? शिवाय ६७,००,४१७ ही मूळ आहे याची खात्री कशी करावी?

प्रतिसाद १
सरसकट भागाकार करण्याची गरजच नाही. ‘प’ हा या संख्येचा मूळ अवयव असेल, तर दोनच्या ३२ व्या घाताला ‘प’ने भागल्यावर बाकी −१ (म्हणजे प − १) उरते, त्यामुळे बाकी १ प्रथम येते ती ६४ व्या घाताला. फर्मा यांच्याच छोट्या प्रमेयानुसार (प − १) व्या घातालाही बाकी १ येते, म्हणून प − १ ला ६४ ने निःशेष भाग जायलाच हवा. या चाळणीतून १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ एवढ्याच मूळ संख्या उरतात, म्हणजे पाचव्या भागाकारातच काम फत्ते!

प्रतिसाद २
नंतरचे फ्रेंच गणिती ल्यूका यांच्या सुधारणेनुसार प − १ ला ६४ ऐवजी १२८ ने भाग जायला हवा, आणि मग ६४१ च्या आधी फक्त २५७ उरते. तिलाही भागून पाहायला नको, कारण ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ हा गुणाकार आपल्या संख्येपेक्षा बरोबर दोनने लहान आहे, तेव्हा २५७ ने भागल्यास बाकी २ उरणार. दुसऱ्या शंकेचे उत्तरही यातच आहे. ६७,००,४१७ चे वर्गमूळ सुमारे २,५८८ आहे आणि तिचे मूळ अवयव मोठ्या संख्येचेही अवयव असल्याने तोवर १२८ च्या याच नियमात बसणाऱ्या ६४१, ७६९, १,१५३ व १,४०९ एवढ्याच मूळ संख्या तपासायच्या राहतात. त्यांनी भागल्यास अनुक्रमे ४४, १२०, ३३४ आणि ६२२ बाकी उरते.

प्रतिसाद ३
६४१ ने भाग जातो हे पडताळायला तर मोठा भागाकारही लागत नाही. ५ × १२८ = ६४० असल्यामुळे ६४१ ने भागल्यास बाकी −१, आणि चौथा घात घेतला की ६२५ गुणिले दोनचा २८ वा घात याची बाकी १. आता ६२५ = ६४१ − १६, म्हणून ६२५ च्या जागी −१६ ठेवले की उणे दोनचा ३२ वा घात याची बाकी १ येते, आणि हेच तर सिद्ध करायचे होते. मला स्वतःला ही सिद्धता सर्वांत देखणी वाटते, मात्र ६४१ आधीच हाती असल्याशिवाय ती सुचणे कठीण.

प्रतिसाद ४
आणखी एक पैलू. ही संख्या ६५,५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग आहेच, पण ६२,२६४ चा वर्ग अधिक २०,४४९ चा वर्ग अशीही ती मांडता येते. दोन वर्गांची बेरीज म्हणून कोणतीही मूळ संख्या दोन वेगळ्या प्रकारे लिहिता येत नाही, त्यामुळे ती संयुक्त असल्याचे एवढ्यावरूनही ठरते. अर्थात ही दुसरी जोडी शोधून काढणे पाच भागाकारांपेक्षा कितीतरी किचकट आहे.