विक्रीला नसलेलं घर मालकाला थेट विचारावं का?

प्रश्न: एक घर मनात भरलंय पण ते विक्रीला नाहीये, बोर्ड नाही, जाहिरात नाही. सरळ जाऊन विचारलं तर मालकांना राग येईल का?

उत्तर १: एकदम बेल वाजवू नका, माणूस गडबडतो आणि पटकन नाहीच म्हणतो. हाताने लिहिलेली छोटी चिठ्ठी टाका, तुम्ही कोण, हेच घर का, फोन नंबर, आणि विकायचा विचार नसेल तरी काही हरकत नाही हे नक्की लिहा. किमतीचा आकडा लिहू नका. उत्तर नाही आलं तर काही महिन्यांनी एकदा आठवण करा, मग सोडून द्या, मागे लागणं मला तरी बरोबर वाटत नाही.

उत्तर २: त्यांना विकायची घाई नाही म्हणजे स्वस्तात मिळेल ही आशा नको. आधी स्वतंत्र व्हॅल्युएशन, म्हणजे तज्ज्ञाकडून घराच्या किमतीचा अंदाज, करून घ्या आणि आपली वरची मर्यादा ठरवा. घर रिकामं करायला त्यांना हवा तेवढा वेळ द्यायची तयारी ठेवा, कधीकधी पैशापेक्षा तेच जास्त कामी येतं.

उत्तर ३: एजंट नाही म्हणजे कमिशन वाचेल पण तपासणी सगळी तुमच्यावर, मालकीत अजून कोणाचं नाव आहे का, घरावर कर्ज आहे का, हे वकिलाने बघितल्याशिवाय टोकन, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम, देऊ नका प्लीज.

प्रश्नकर्ता: खूप आभार सगळ्यांचे, चिठ्ठी आजच लिहिते.